पाटीभर माती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या नोव्हेंबरात मी जपानमधल्या समुद्रकाठच्या एका लहान गावी दोन दिवस राहून आले. तिथे जे पाहिले ते आपल्या जिल्ह्यातल्या माणसांना सांगितल्यावाचून राहवत नाही, म्हणून हे पत्र. थोडे लांबेल. जागा कमी पडली तर प्रवासाचा भाग खुशाल कापा, पण बांधाविषयीचा मजकूर कृपा करून ठेवा.

मी मूळची मंगळवेढे तालुक्याच्या दक्षिण भागातली. जिल्हा परिषदेच्या शाळांत 34 वर्षे शिकवले, आता निवृत्त होऊन जुळे सोलापुरात राहते. धाकटी लेक नोकरीनिमित्त ओसाकाला आहे, तिच्याकडे दोन महिने गेले होते. तिने मोठमोठी शहरे, देवळे, किल्ले सगळे दाखवले. शेवटी म्हणाली, "आई, तुला एक खेडं दाखवते. डोंगर आणि समुद्राच्या मधे चिंचोळं बसलेलं. तुला तेच जास्त आवडेल." तिने दोन दिवसांची रजा काढली. मी पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या घेतल्या, कारण तिथल्या बऱ्याच पदार्थांत मासळीचा अंश असतो आणि मला ती चालत नाही.

ओसाकाच्या तेन्नोजी स्टेशनातून गाडी दक्षिणेला निघते. वाकायामा शहर मागे पडले की उजवीकडे समुद्र आणि डावीकडे डोंगर, आणि मधूनमधून बोगदे. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी दगडी ताली घातलेल्या, आणि त्या प्रत्येक पायरीवर संत्र्यासारख्या मिकानची झाडे. नोव्हेंबर असल्यामुळे झाडे फळांनी पिवळीकेशरी झालेली. फळे उतरवायला डोंगरावरून एकाच रुळावर चालणारी छोटी गाडी केलेली असते. आपल्याकडे माळावर बांधबंदिस्ती केलेली मी पाहिली आहे, पण इतक्या चढावर माणसांनी हाताने रचलेल्या दगडी ताली पाहून मी गाडीच्या खिडकीला नाक लावून बसले होते.

युआसा स्टेशनला उतरलो. हे गाव सोया सॉसचे जन्मगाव मानतात. तेराव्या शतकात काकुशिन नावाच्या बौद्ध भिक्षूने चीनहून एका प्रकारच्या मिसोची कृती आणली, तो मिसो मुरताना पिंपाच्या तळाशी जो रस साचायचा त्यातून पुढे सोया सॉस झाला, असे तिथे सांगतात. जुन्या गल्ल्यांत लाकडी जाळ्यांची घरे आहेत आणि हवेत मुरलेल्या डाळीचा वास असतो. युआसातून एक पूल ओलांडला की हिरोगावा. वस्ती सात हजारांच्या आतबाहेर. बाजार शांत, रस्त्यावर बहुतेक म्हातारी माणसे, बरीच घरे बंद. आपल्या गावांसारखीच तिथली तरणी मुले ओसाकाला जातात.

गावात शिरल्यावर मला समुद्र दिसेना. लेकीला म्हटले, समुद्रकाठचे गाव म्हणतेस, समुद्र कुठे आहे? तिने बोट दाखवले. घरांच्या पलीकडे गवताचा एक लांबलचक उंचवटा आणि त्यावर झाडे. मला वाटले नैसर्गिक टेकाड असेल. जवळ गेले तर तो मातीचा बांध होता. मी बांधावर वाढलेली बाई, भरावाची माती पायाखाली कशी लागते ते मला कळते. सुमारे 600 मीटर लांब, 5 मीटर उंच, पायथ्याला 20 मीटर रुंद. समुद्राच्या बाजूला देवदाराच्या कुळातली पाईनची झाडे, गावाच्या बाजूला मेणाची झाडे, ज्यांच्या बियांपासून पूर्वी मेणबत्त्या करीत. बांधाच्या मधोमध लाल रंगाचा लोखंडी दरवाजा आहे, बंदरावर जायची वाट. त्याच्यापुढे समुद्राकडे आणखी एक जुनी दगडी भिंत आहे, ती सहाशे वर्षांपूर्वीची.

हा मातीचा बांध कुणी बांधला ते आता सांगते.

24 डिसेंबर 1854 ला दुपारी उशिरा तिथे मोठा भूकंप झाला. समुद्राच्या तळाशी जमिनीचा एक थर दुसऱ्याखाली सरकत असतो, आणि शे-दीडशे वर्षांनी एकदा तिथे असा धक्का बसतो. 1707 लाही बसला होता. हिरोचा उपसागर आत येताना निमुळता होतो, त्यामुळे लाट गावाशी येईपर्यंत आणखी उंच होते. हामागुची गोर्यो नावाचा गृहस्थ त्या वेळी गावात होता, वय तिशीच्या मध्यावर. घराण्याचा सोया सॉसचा मोठा व्यापार, दूर चोशीला कारखाना. यामासा नावाने तो सॉस आजही दुकानात मिळतो. अंधार पडत होता, लाटा येत होत्या, माणसे वाट चुकत होती. तेव्हा त्याने शेतातल्या भाताच्या पेंढ्यांच्या गंज्या पेटवायला लावल्या. आपल्याकडे कडब्याची बणीम असते तशा. त्या उजेडाच्या दिशेने माणसे उंचावरच्या हाचिमान देवळाकडे पळाली आणि वाचली. ही गोष्ट 1937 पासून दहा वर्षे जपानच्या प्राथमिक शाळेच्या वाचनपुस्तकात होती. पुस्तकात गोर्योला डोंगरावर राहणारा म्हातारा केले आहे, पण खरा माणूस तरुण होता आणि लाटेत स्वतःही सापडला होता. जुन्या जपानी पंचांगाने तो अकराव्या महिन्याचा पाचवा दिवस. म्हणूनच 2015 साली संयुक्त राष्ट्रांनी 5 नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला.

गंज्या पेटवल्याची गोष्ट जगात पोचली. मला मात्र त्यानंतरची गोष्ट जास्त मोलाची वाटते. लाट ओसरल्यावर गावाजवळ काही राहिले नव्हते. 125 च्या आसपास घरे वाहून गेली होती, होड्या, जाळी, अवजारे गेली होती. लोक गाव सोडून निघाले होते. गोर्योने स्वतःच्या पैशाने घरे बांधून दिली, अवजारे आणि होड्या दिल्या. आणि मग 1855 पासून जवळजवळ चार वर्षे हा बांध बांधायला काढला. त्याला दोन गोष्टी साधायच्या होत्या. पुढची लाट अडवायची होती आणि आज गावाच्या हाताला काम द्यायचे होते. बायाबापड्या, म्हातारी, पोरे, ज्याला जमेल त्याने माती वाहावी. एकूण 56,000 हून अधिक मनुष्यदिवस काम झाले. मजुरी रोजच्या रोज हातावर, असे तिथल्या संग्रहालयात आम्हाला सांगितले. लोकांनी त्याच्या नावाने देऊळ बांधायचे ठरवले, तर त्याने साफ नकार दिला.

हे ऐकताना मी संग्रहालयाच्या बाकावर बसून रडले. लेकीला कळेना काय झाले. मला दामाजीपंत आठवले. आमच्या मंगळवेढ्यात दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारे ज्याने उपाशी रयतेसाठी उघडली, त्याची कथा मी दर वर्षी वर्गात सांगत आले. आणि दामाजीपंतांच्या पाठोपाठ मला माझी आई दिसली, डोक्यावर पाटी घेतलेली.

1972 च्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. गावाच्या ओढ्यावर पाझर तलावाचे काम निघाले होते. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास 50 लाख माणसे अशा कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्याच दुष्काळात उभी राहिली आणि 1977 ला तिचा कायदा झाला. हे मी पुढे पुस्तकात वाचले. लहानपणी मला एवढेच ठाऊक होते की आई पहाटे मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या तांबड्या जोंधळ्याच्या, भाकरी फडक्यात बांधून निघते. खणायच्या चौकड्या आखून दिलेल्या असायच्या. गडी टिकावाने मुरूम खणायचे, बाया पाट्या भरून भरावावर नेऊन ओतायच्या. मी बाभळीला बांधलेल्या झोळीत धाकट्या भावाला झोके देत बसायची. दुपारी सुकडी मिळायची, तिची गोड चव अजून जिभेवर आहे. संध्याकाळी आई घरी आली की डोक्यावरची चुंबळ काढून भिंतीला टेकून बसायची आणि बराच वेळ काहीच बोलायची नाही. पगार पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने. तोवर दुकानदाराची उधारी.

एके दिवशी खाणीत मुरमाची दरड कोसळली आणि आईची जोडीदारीण तिच्याखाली सापडली. तिला काढेपर्यंत ती गेली होती. दुसऱ्या दिवशी काम पुन्हा सुरू झाले, कारण काम थांबले तर चुली थांबणार होत्या. तो तलाव पूर्ण झाला. पुढची कितीतरी वर्षे त्याच्या पाझरावर खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी राहिले, आमच्या विहिरीलाही. माझे डी.एड.चे शिक्षण त्या विहिरीवरच्या कांद्याने झाले.

हिरोगावाला आम्ही 4 तारखेला पोचलो होतो, मुक्काम एका घरगुती खाणावळीत केला. मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांना शेंगाचटणी दिली तर त्यांनी ती गरम भातावर घालून दोनदा घेतली आणि मला परडीभर मिकान दिली. लेक दुभाषी होती. मी विचारले, तुम्हाला लाटेची भीती वाटत नाही का? त्या म्हणाल्या, वाटते, म्हणून तर माती वाहतो. मला अर्थ लागला नाही. म्हणाल्या, उद्या सकाळी या.

5 नोव्हेंबरला सकाळी बांधापाशी गेलो. तिथे एक कृतज्ञतेचा दगडी स्तंभ आहे. पुरोहित होते, गावची माणसे होती, आणि शाळेची मुले. आधी पूजा झाली. मग मुलांनी माती आणली आणि बांधावर घातली. एवढेच. मोठी भाषणे नाहीत. ज्या मुलांनी माती घातली ती हात झटकून गवतावर बसली. 1903 साली, त्या लाटेला पन्नास वर्षे होत आली तेव्हा, गावातल्या काही माणसांनी बांधावर माती घालायला सुरुवात केली आणि ती प्रथा आजवर चालू आहे. 21 डिसेंबर 1946 ला पुन्हा भूकंप होऊन लाट आली. बांधामागचे बहुतेक गाव वाचले. बांधाच्या आडोशाबाहेरच्या सखल भागात मात्र पाणी शिरले आणि माणसे गेली. म्हणजे 88 वर्षांपूर्वी ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांनी आपल्या न पाहिलेल्या नातवंडांना वाचवले, आणि ती नातवंडे हे विसरली नाहीत.

मुलांनी घातलेल्या त्या मातीने बांधाची उंची वाढते असे नाही. बांध पक्का आहे, त्याची देखभाल सरकारी खात्याकडून होते हे त्यांनाही माहीत आहे. पण दर वर्षी प्रत्येक मुलाचा हात त्या मातीला लागतो. तो बांध कुठे आहे, कशाने झाला, त्याची खालची बाजू कोणती, वरची कोणती, हे त्या गावच्या बारा वर्षांच्या मुलाला ठाऊक असते. मी 34 वर्षे शाळेत होते. परिसर अभ्यास शिकवला, जलसाक्षरता शिकवली, घोषवाक्यांच्या फेऱ्या काढल्या. एकदाही मुलांना स्वतःच्या गावच्या तळ्याच्या बांधावर नेऊन "हा तुझ्या आजीने बांधलाय" असे सांगितले नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

परत आल्यावर मी आधी गावी गेले. आई 82 वर्षांची आहे, भावाकडे असते. तिला सगळे सांगितले. लाट, गंज्या, बांध, मुलांची माती. ती डोळे मिटून ऐकत होती. सगळे ऐकून झाल्यावर तिने एकच विचारले, "आन हजेरी रोजच्या रोज द्याचा का त्यो?" मी म्हटले, हो, रोजच्या रोज. ती म्हणाली, "मंग चांगला मानूस."

दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन तलावावर गेले. काही वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून गाळ निघाला, तो शेतात पडला, रान सुधारले, ते काम खरोखर चांगले झाले. पण बांधाकडे कुणी पाहिलेले नाही. बांधभर वेडी बाभूळ माजली आहे. घुशींनी बिळे केली आहेत. पाण्याच्या बाजूचे दगडी पिचिंग जागोजाग उचकटले आहे, सांडव्याचे घडीव दगड कुणाकुणाच्या जोत्यात जाऊन बसले आहेत. पायथ्याला एका ठिकाणी ओल दिसते आणि तिथे लव्हाळा उगवला आहे. भाऊ म्हणाला, एखाद्या साली परतीचा मोठा पाऊस लागला तर हा जाईल. तालुक्याच्या एका कार्यालयात जाऊन मी बांध कुणाच्या ताब्यात आहे ते विचारले. तीन टेबले फिरले, उत्तर मिळाले नाही. त्या कामाचे मस्टर, म्हणजे हजेरीपुस्तक, पाहायला मागितले, तर इतके जुने कागद ठेवलेले नाहीत असे सांगण्यात आले. म्हणजे कोण किती दिवस त्या कामावर होते, आणि कोण त्या मुरमाखाली गेले, हे आता फक्त काही म्हाताऱ्या बायांच्या डोक्यात आहे.

संपादक महाशय, आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत 72 सालचे असे कितीतरी बांध आहेत. त्यांवर पाट्या वाहिलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि दर वर्षी कमी होत आहेत. माझी विनंती साधी आहे. आपल्या सीमेकडच्या गावांत मार्गशीर्षात वेळ अमावस्या, म्हणजे आपली येळवस, येते. त्या दिवशी सगळे गाव रानात असते. कडब्याची कोप करतो, चुन्याने रंगवलेले पाच पांडव मांडतो, आंबील आणि भज्जी घेऊन पाव्हण्यांना बोलावतो. मुलाबाळांसह सगळे रानातच असतात, तर जाताना किंवा येताना प्रत्येक घराने आपल्या तळ्याच्या बांधावर पाटीभर माती नेऊन घालावी. ज्या म्हातारीने तिथे काम केले आहे तिला बैलगाडीतून किंवा मोटारसायकलवरून घेऊन जावे आणि पहिली पाटी तिच्या हातून घालावी. सोलापूरकरांना हे परके वाटायचे कारण नाही. आपल्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात भक्तांसह तळे खोदले, त्याच तळ्याकाठी आपण गड्ड्याची यात्रा भरवतो, आणि श्रमालाच त्या काळच्या शिवशरणांनी, म्हणजे शिवभक्त संतांनी, कायक म्हटले.

फक्त एक काळजी घ्यावी. भावाचे एक स्नेही पाटबंधारे कामांवर मिस्त्री होते, त्यांनी हे मला समजावून सांगितले. हिरोगावाच्या बांधावर झाडे आहेत हे पाहून आपण झाडे लावायला जाऊ नये. त्यांचा बांध लाटेला काही घटका अडवतो. आपला बांध महिनोन्‌महिने पाणी धरून असतो, तिथे झाडाचे मूळ शिरले की मुळाच्या वाटेने पाणी झिरपू लागते आणि बांध आतून पोखरतो. मोठी वाढलेली बाभूळ मुळासकट उपटली तरी खड्डा पडून धोकाच, त्यामुळे ते काम जाणकाराला विचारूनच व्हावे. माती टाकायची ती घळी पडल्या आहेत तिथे, पाणी शिंपून, धुमसाने ठोकून. बांधाचाच पायथा खणून माती काढू नये. सांडवा कधीही बुजवू नये. आणि ओल दिसत असेल, लव्हाळा उगवला असेल, तर पाटीभर मातीने भागणार नाही. तिथे ग्रामसभेने ठराव करून जलसंधारण खात्याकडे पाठपुरावा करायला हवा. आमच्या गावचा असा ठराव व्हावा म्हणून मी सरपंचांना अर्ज दिला आहे.

दुसरी विनंती नावांची. 72 च्या कामावर असलेल्या माणसांची नावे गावोगावच्या शिक्षकांनी मुलांकरवी लिहून घ्यावीत. घरोघर आजीला विचारायचे, तुझ्या चौकडीवर कोण कोण होते. मी आमच्या गावापुरते सुरू केले आहे. आईच्या शेजारी वही घेऊन बसते. ती एक नाव सांगते, मग बराच वेळ थांबते, मग त्या बाईच्या सासूचे नाव, माहेरचे गाव, तिच्या पाटीला कोणत्या रंगाची चिंधी बांधलेली होती ते सांगते. आजवर 47 नावे झाली, त्यांतली 9 माणसे हयात आहेत. वहीत पहिले नाव मी दरडीखाली गेलेल्या त्या बाईचे लिहिले आहे. ते इथे देत नाही, तिच्या नातवंडांना विचारून मगच छापू. एक जण पुण्याला असतो. त्याला फोन केला तेव्हा आपली आजी कशी गेली हे त्याला माहीत नव्हते. येत्या येळवसेला तो येतो म्हणाला आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
जुळे सोलापूर